कळवा ते वाशी रोज प्रवास करणारा लॅपटॉप

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. लेकीला वाशीच्या कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय, घर कळव्याला, हाताशी ४५ हजार आहेत आणि फारच ओढाताण केली तर पन्नास. शेजारचा मुलगा म्हणतो गेमिंग लॅपटॉपच घ्या. दुकानदार इंटेलच्या आय-सेव्हन प्रोसेसरच्या खाली उतरायला तयार नाही. मेहुण्यांच्या ओळखीतला एक जण ‘कंपनीतून निघालेला’ लॅपटॉप २२ हजारांत देतोय. आणि तुमचं म्हणणं एवढंच, की चार वर्षं परत त्यात पैसे घालायला लागू नयेत.

मी ठाण्याच्या नौपाड्यात गेली वीस वर्षं लॅपटॉप दुरुस्त करतो, विकत नाही. विकणाऱ्याला मशीन पहिल्या दिवशी दिसतं, मला तिसऱ्या वर्षी. तोवर चकचकीत स्टिकर निघून गेलेले असतात, पंख्यावर धुळीची गादी बसलेली असते आणि मालक समोर उभा राहून सांगत असतो, ‘काही केलं नाही हो, आपोआप बंद पडला.’ त्यामुळे माझं उत्तर जरा उलट्या टोकाकडून येणार, तेवढं सांभाळून घ्या.

लॅपटॉपमधल्या काही गोष्टी नंतर बदलता येतात, काही नाही. एसएसडी, म्हणजे फाइली साठवायची जागा, बदलता येते, बॅटरी बदलता येते. रॅम, म्हणजे चालू कामापुरती मेमरी, कधी बदलता येते, कधी नाही. बॉडी, बिजागऱ्या, स्क्रीनचा दर्जा आणि प्रोसेसर, म्हणजे लॅपटॉपचा मेंदू, मात्र पहिल्या दिवशी घेतला तोच शेवटपर्यंत. तुमच्या ४५ हजारांतला जास्तीत जास्त रुपया या न बदलणाऱ्या गोष्टींवर गेला पाहिजे. दुकानात होतं बरोबर उलटं. ‘एक टीबी देतो, बॅग फ्री, माउस फ्री’ यात सगळे अडकतात आणि बॉडीला हात लावून बघायचं कोणाला सुचत नाही.

म्हणून बिजागरीपासूनच सुरू करतो. विद्यार्थ्यांचे जे लॅपटॉप माझ्या टेबलावर येतात त्यांत हे दुखणं सगळ्यात जास्त. सुरुवात अशी होते: झाकण उघडताना एका कोपऱ्यातून ‘कट्’ असा बारीक आवाज येतो. मग स्क्रीनखालची पट्टी जराशी फुगते. पंधरा दिवसांत बाजूने फट दिसायला लागते आणि एक दिवस झाकण मिटताना बॉडीच वर उचलली जाते. उघडून बघावं तर बिजागरीचं लोखंड ठणठणीत असतं. मोडतं ते तिला धरून ठेवणारं प्लास्टिक. आत तुरीच्या डाळीएवढे पितळी नट प्लास्टिकच्या छोट्या खांबांत बसवलेले असतात आणि बिजागरीचे स्क्रू त्या नटांत जातात. बिजागरी घट्ट, प्लास्टिक पातळ. रोज दहा-वीस वेळा उघडमीट झाली की खांब मुळापासून तुटतो आणि नट स्क्रूला चिकटलेलाच बाहेर येतो. मी तो इपॉक्सीने परत बसवून देतो. वर्षभर चालतं, कधी दोन वर्षं. पण एकदा तुटलेली जागा ती तुटलेलीच. नवी बॉडी मागवावी तर स्वस्त मॉडेलची दोन वर्षांनी मिळत नाही आणि मिळालीच तर लॅपटॉपच्या उरलेल्या किमतीला शोभत नाही.

दुकानात याची परीक्षा फुकट आणि अर्ध्या मिनिटाची आहे. मिटलेला लॅपटॉप टेबलावर ठेवा आणि झाकण मधोमध एका बोटाने उचला. खालचा भाग जागेवर राहून झाकण वर आलं तर बिजागरी बेताची आहे. खालचा भागही सोबत उचलला गेला तर बिजागरी वाजवीपेक्षा घट्ट आहे आणि तो सगळा ताण त्या पितळी नटांवर जाणार. नंतर उघडा लॅपटॉप एका कोपऱ्याला धरून उचला. कुरकुरला किंवा पापडासारखा वाकला, तर प्रोसेसर कुठलाही असो, खाली ठेवा. कीबोर्डच्या मध्यावर अंगठा दाबून बघा, किती खचतो ते. दुकानदार तोंड वाकडं करेल. करू द्या. आणि लेकीला पहिल्या दिवसापासून सवय लावा, झाकण कोपऱ्याला धरून उघडायचं नाही.

दुसरी गोष्ट प्रवासाची. कळव्याहून धीम्या गाडीने ठाणे, मग पूल चढून नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्म, मग ट्रान्स-हार्बर लोकलने वाशी. संध्याकाळी हेच उलटं. बॅग पुढे छातीशी धरली तरी गर्दीचा दाब चुकत नाही. माझ्याकडे दर पावसाळ्यात, कॉलेज सुरू झाल्यावर, फुटलेल्या स्क्रीनची रांग लागते आणि प्रत्येक जण शपथेवर सांगतो की पडला नाही. खरंच पडलेला नसतो. मी स्क्रीन बाजूला ठेवून झाकण पाठीमागून तिरक्या उजेडात धरतो. तडा जिथून फुटलाय, बरोबर त्याच्यामागे बाहेरून एक छोटा खळगा दिसतो. तो चार्जरच्या ठोकळ्याचा कोपरा असतो. एकाच कप्प्यात लॅपटॉप आणि चार्जर कोंबलेले, मागून दाब आला, काम झालं. चांगली आयपीएस स्क्रीन, म्हणजे कुठूनही बघितलं तरी रंग नीट दिसणारी, बदलायला चार-पाच हजार सहज जातात. उपाय काय, तर चार्जर पुढच्या कप्प्यात, पाण्याची बाटली बाहेरच्या जाळीत आणि डबा लॅपटॉपपासून लांब. भाजीचं तेल कीबोर्डखाली गेलेलं मी काढलंय, त्याचं वर्णन नको.

म्हणून तुमच्या लेकीसाठी १४ इंचीच घ्या, दीड किलोच्या आसपासचा. १५.६ इंचीला बाजूला आकड्यांचा कीबोर्ड मिळतो, अकाउंटच्या मुलांना तो बरा पडतो, पण रोज दोन गाड्या बदलणाऱ्या पोरीला ते ओझं कशाला? गेमिंग लॅपटॉप इथेच बाद होतो. सव्वादोन किलोच्या पुढे तो, अर्धा किलो त्याचा चार्जर, आणि बॅटरीवर दोन लेक्चर निघतील न निघतील. पहिल्या दोन वर्षांत तिला सी, जावा, पायथन, डेटाबेस असलं करायचं असतं, त्याला वेगळ्या ग्राफिक कार्डाची गरज नाही. पुढे मशीन लर्निंगचा विषय आला आणि ग्राफिक कार्ड लागलंच, तर गूगल कोलॅबवर ब्राउझरमधून ते काही मर्यादेपर्यंत फुकट वापरता येतं. मेकॅनिकल किंवा आर्किटेक्चरची मुलगी असती तर मी वेगळं बोललो असतो. थ्री-डी मॉडेलिंगला कार्ड लागतं.

स्क्रीन फुल एचडी आणि आयपीएस हवी. पाटीवर काही लिहिलेलं असो, तुम्ही लॅपटॉप मागे-पुढे कलवून बघा. खालून बघितल्यावर रंग उलटेपालटे, काळपट झाले तर ती जुन्या पद्धतीची टीएन स्क्रीन. चार वर्षं रोज सहा तास डोळे तिच्यात घालायचेत.

आता तो आय-सेव्हन. ताई, ‘आय-सेव्हन’ हा शब्द एकटा ऐकून काहीही कळत नाही, त्याच्यामागचा आकडा वाचायचा असतो. यात मी स्वतः तोंडावर आपटलोय. भाच्याला २०१९ साली एका डीलरकडून कंपनीचा जुना लॅपटॉप घेऊन दिला, आय-सेव्हन ६६००यू. नाव भारदस्त, पण त्यात कोअर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे हात, फक्त दोन. त्याच सुमाराचा, पण दोन पिढ्या नवा आय-फाइव्ह ८२५०यू चार कोअरचा होता आणि मी आय-सेव्हनच्या नावाला भुललो. पुढे ५ ऑक्टोबर २०२१ ला विंडोज ११ आलं, तेव्हा मायक्रोसॉफ्टने इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढचेच प्रोसेसर यादीत घेतले. भाच्याचा बाद. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आता त्या मशीनवर मी त्याला विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट सिस्टिम घालून दिलीय, चालतं, पण दिवाळीला घरी आला की टोमणा मारल्याशिवाय राहत नाही.

आकडा वाचायची रीत सोपी आहे. ८२५० मधला पहिला ८ म्हणजे आठवी पिढी. आकड्याची सुरुवात १०, ११, १२, १३ अशी झाली, जसं ११३५ किंवा १२३५, तर ती दहावी, अकरावी, बारावी, तेरावी. शेवटचं अक्षर यू असेल तर तो वीज कमी खाणारा, एच असेल तर ताकदीचा आणि तापणारा. तुम्हाला यू पुरे. बाराव्या पिढीचा आय-थ्री १२१५यू सहा कोअरचा आहे आणि तुमच्या दुकानदाराकडचा आय-सेव्हन जर सहाव्या-सातव्या पिढीचा असेल तर हा आय-थ्री त्याला सहज मागे टाकतो. हल्ली नव्या मशीनवर ‘आय’ गाळून नुसतं कोअर ३, कोअर ५ लिहितात, त्याने गोंधळून जाऊ नका.

इंटेलची स्पर्धक एएमडी, तिच्या रायझन प्रोसेसरमध्ये आणखी एक मखलाशी आहे. सात हजारांच्या मालिकेत तिसरा आकडा बघायचा, आतली रचना किती जुनी ते तो सांगतो. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू ही नावं जुळ्या भावांसारखी वाटतात. पहिल्यात चार कोअर आणि झेन २ ही जुनी रचना, दुसऱ्यात सहा कोअर आणि झेन ३. शिवाय ७५२०यू सोबतची रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, म्हणजे ८ जीबी घेतली तर जन्मभर ८ जीबी. दोन्हींवर मोठ्या अक्षरात ‘रायझन ५’च लिहिलेलं. सेलेरॉन एन४०२० सारखे दोन कोअरचे स्वस्त प्रोसेसर इंजिनिअरिंगला घेऊच नका, ऑनलाइन क्लास आणि टायपिंगपुरते ते ठीक.

रॅमबद्दल माझा सल्ला गेल्या काही काळात बदललाय. आधी मी सगळ्यांना सांगायचो, ८ जीबीचा घ्या, दुसऱ्या वर्षी गरज पडली की या, दुसरी पट्टी टाकून देतो. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकले. एआयच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या मेमरीकडे कारखाने वळले आणि आपल्या पट्ट्या महागल्या. एसएसडीही त्याच वाटेने गेली. ‘नंतर टाकू’ हे गणित आता जमत नाही. १६ जीबी असलेलाच घ्या. अँड्रॉइड स्टुडिओ हे मोबाइल ॲप बनवायचं सॉफ्टवेअर त्याच्या एम्युलेटरसकट, म्हणजे स्क्रीनवरच्या नकली मोबाइलसकट, चालवायचं तर किमान १६ जीबी हवी असं खुद्द बनवणारेच सांगतात, आणि तिसऱ्या वर्षाला प्रोजेक्टसाठी पोरं तेच उघडतात.

याच भाववाढीचा दुसरा उपद्व्यापही बघतोय. जुन्या लॅपटॉपमधून १६ ची रॅम काढून ८ घालायची आणि जुन्या पाटीवर विकायचं. तेव्हा टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा. किती जीबी, रॅमच्या पट्टीचे किती खाचे, त्यातले किती भरलेले, सगळं दिसतं. नवा घेताना ही माहिती दुकानदाराला विचारायचीच नाही. कंपनीच्या साइटवर बऱ्याच मॉडेलची सर्व्हिस गाइड पीडीएफमध्ये मिळते, त्यात रॅम सोल्डर आहे की खाच आहे, बॅटरी किती स्क्रूंवर आहे, सगळं चित्रासह असतं. आम्ही तेच वाचून काम करतो. इंजिनिअरिंगच्या मुलीने पहिला गृहपाठ म्हणून ते वाचायला हरकत नाही.

एसएसडी ५१२ जीबीची पुरते. फक्त ‘ईएमएमसी’ असं कुठे लिहिलेलं दिसलं तर सोडून द्या. ते बोर्डावर चिकटवलेलं, हळू आणि न बदलणारं स्टोरेज असतं.

आता येतो त्या २२ हजारांच्या लॅपटॉपकडे, कारण तुम्हाला तोच सगळ्यात धोक्याचा वाटतोय आणि मला तोच सगळ्यात आशेचा. ऐरोली, घणसोली, महापे या पट्ट्यातल्या कंपन्या लॅपटॉप तीन-चार वर्षांच्या करारावर घेतात, करार संपला की शेकड्याने परत करतात आणि ते लॉट डीलरांकडे उतरतात. काही आपल्या ठाण्यात येतात, काही लॅमिंग्टन रोडला. त्या रस्त्याचं खरं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण टॅक्सीवाल्याला ते सांगून बघा, तोच तुम्हाला विचारेल कुठे आलं म्हणून. हे ऑफिसचे लॅपटॉप, म्हणजे लेनोव्होची थिंकपॅड टी मालिका, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक, नवे असताना तुमच्या बजेटच्या दुप्पट किमतीचे असतात. आधी सांगितलेली बिजागरीची परीक्षा यांच्यावर करा आणि शेजारी नवा ४० हजारांचा ठेवा, फरक हाताला कळेल. पाठ काढायला सुटे स्क्रू, पार्ट वर्षानुवर्षं मिळतात, कीबोर्ड बदलता येतो. माझ्यासारख्याला काम करायला आवडतं अशी मशिनं आहेत ही.

फक्त पिढी बघा. आठवी म्हणजे विंडोज ११ च्या गाडीत शेवटच्या डब्याच्या दांड्याला लटकणं. आज चढता आलं, पुढच्या स्टेशनचा भरवसा नाही आणि तुम्हाला चार वर्षं जायचंय. दहावी किंवा अकरावी पिढी मागा, म्हणजे साधारण २०२० ते २०२१ ची मॉडेलं: थिंकपॅड टी१४, लॅटिट्यूड ५४२०, एलिटबुक ८४० चं जी७ किंवा जी८. त्यांत ५४२० आणि ८४० ला रॅमचे दोन खाचे आहेत, टी१४ ला काही रॅम बोर्डावर आणि एक खाच. मेहुण्यांच्या माणसाला पहिला प्रश्न हाच विचारा, प्रोसेसरचा पूर्ण आकडा काय? तो ‘आय-फाइव्ह आहे, मस्त आहे’ एवढंच म्हणाला तर फोटो मागवा.

बघायला जाल तेव्हा लेकीला घेऊन जा, दिवसाउजेडी जा आणि तासभर वेळ काढून जा. आधी लॅपटॉप बंद असतानाच टेबलावर ठेवून डुगडुगतो का बघा. टचपॅड वर उचललं गेलंय, किंवा नीट क्लिक होत नाही, तर खाली बॅटरी फुगलीय. ती बदलून मिळेपर्यंत व्यवहार नको, फुगलेली बॅटरी बॅगेत घेऊन गाडीत चढायचं नसतं. मग चालू करा. कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी, एक जागा, तिरकी रेघ आणि बॅटरीरिपोर्ट असं इंग्रजीत टाइप केलं की एक फाइल तयार होते. तीत दोन आकडे शोधा, डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी. समजा पहिला ५०,००० आणि दुसरा ३८,००० आहे, तर बॅटरीत ७६ टक्के जीव उरलाय. सत्तरच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करून घ्या, आणि ती ओळखीच्याकडून घ्या, निम्म्या भावाच्या कॉपी बॅटऱ्या वर्ष काढत नाहीत.

एसएसडीसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात हेल्थची टक्केवारी आणि ती किती तास चालली ते दिसतं. आठ हजार तास बघून घाबरू नका. ऑफिसचं मशीन दिवसाला आठ तास, वर्षाला अडीचशे दिवस, चार वर्षं चाललं तर तेवढं भरतंच. उलट चार वर्षांच्या लॅपटॉपमध्ये वीस तास चाललेली, नाव न ऐकलेली एसएसडी दिसली तर समजा चांगली काढून घेतलीय.

यानंतरची गोष्ट लोक हमखास विसरतात आणि मग रडत माझ्याकडे येतात. कंपनीचा लॅपटॉप कंपनीच्या ताब्यातून खरंच सुटलाय का? विक्रेत्याला समोर विंडोज रीसेट करायला लावा आणि पहिल्या सेटिंगच्या वेळी तुमच्या मोबाइलचं हॉटस्पॉट जोडा. नेट लागल्यावर एखाद्या कंपनीचं नाव येऊन तिचा ईमेल मागितला, तर ते मशीन अजून त्या कंपनीच्या नोंदीत आहे. ‘नेट न लावता पुढे जा, होतं सगळं’ असं म्हणणाऱ्याच्या दुकानातून चहा न पिता निघा. तसंच सुरू होताना लेनोव्होला एफ१, डेलला एफ२, एचपीला एफ१० दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधीच्या सेटिंगमध्ये, शिरता येतंय का, पासवर्ड मागतोय का तेही बघा. मागत असेल तर तो तुमच्यादेखत काढून द्यायला हवा. तिथेच सिरियल नंबर दिसतो, तो खालच्या स्टिकरशी जुळायला हवा. जुळला नाही तर बोर्ड बदललेला असण्याची शक्यता.

एवढं सगळं पार पडलं, १६ जीबी आहे, सिरियल नंबर लिहिलेलं जीएसटी बिल आणि निदान सहा महिन्यांची लेखी वॉरंटी मिळतेय, तर माझं मत सरळ आहे: जुनाच घ्या. नव्याच्या निम्म्या पैशांत काम होतं, आणि उरलेल्यांतले आठ-दहा हजार बॅटरी, स्क्रीनचं पॅनल असल्या खर्चासाठी बाजूला ठेवा. ओळखीच्या माणसाकडून बिल मिळत नसेल तर ओळख बाजूला ठेवून डीलरकडे जा. ओळखीत घेतलेल्या मशीनची तक्रार करता येत नाही, लग्नकार्यात तोंड चुकवावं लागतं.

घरात जुन्याला कोणाचाच जीव धजत नसेल तर नवा घ्या, त्यातही काही चुकीचं नाही. बारावी-तेरावी पिढीचा आय-थ्री किंवा आय-फाइव्ह यू, नाहीतर रायझन ५ ७५३०यू, १६ जीबी, ५१२ ची एसएसडी, १४ इंची आयपीएस, आणि टाइप-सी पोर्टवरून चार्ज होणारा. हे शेवटचं फार उपयोगी आहे, चार्जर घरी राहिला तरी मैत्रिणीचा लागतो आणि चार्जिंगची पिन मोडून बोर्ड उघडायची वेळ कमी येते. ४५ हजारांत हे सगळं बसलं नाही तर प्रोसेसरची एक पायरी सोडा, १६ जीबी आणि चांगली बॉडी सोडू नका. एक वर्षाच्या नेहमीच्या वॉरंटीत फुटणं-सांडणं येत नसतं. त्यासाठी अपघाती नुकसानीचा प्लॅन वेगळा मिळतो. एरवी मी असले प्लॅन घेऊ नका म्हणतो, पण ट्रान्स-हार्बरने जाणाऱ्या पोरीसाठी पहिल्या दोन वर्षांचा जरूर विचारा. घरी आल्यावर सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाका. वॉरंटी सहा महिन्यांपूर्वीच सुरू झालेली दिसली तर तो शोकेसमधला पीस असू शकतो, बिल दाखवून तारीख दुरुस्त करून घ्या.

मॅकबुकबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण लेक विचारेलच. यंत्र उत्तम, बॅटरी उत्तम, पण रॅम आणि स्टोरेज दोन्ही बोर्डावर सोल्डर आणि दुरुस्ती महाग. तुमच्या बजेटमध्ये जुनाच मिळेल, तोही बहुधा ८ जीबीचा. नको.

चार्जरबद्दल एक सांगायचं राहत होतं. धातूच्या बॉडीचा लॅपटॉप चार्जिंगला लावल्यावर मनगटाला मुंग्यांसारखं झिणझिणतं, मग लोक मशीनच खराब म्हणून आणतात. कळव्याच्या जुन्या बिल्डिंगमध्ये तीन पिनी सॉकेट दिसतं, पण अर्थिंगची वायर मागे जोडलेलीच नसते. चार्जरमधून गळणारा किंचित करंट जमिनीत जायला वाट शोधतो आणि ती वाट तुमच्या हातातून जाते. वायरमन बोलावून अर्थिंग बघून घ्या, मशीन बदलू नका. आणि चार्जर नवा घ्यावा लागला तर त्यावर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलाय का बघा.

पावसाचं वेगळं सांगत नाही. बॅगेला कव्हर असलं तरी आत लॅपटॉप प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा आणि घरी आल्यावर पिशवीतून काढा. बंद पिशवीत रात्रभर दमट राहिला की कनेक्टरच्या पिनांवर हिरवी बुरशीसारखी पूड धरते, ऑगस्टमध्ये मी रोज तेच घासत बसलेला असतो.

आणि शेवटी तुम्ही लिहिलंय की तिला गुलाबीच हवाय. ऑफिसच्या लॅपटॉपमध्ये काळा नाहीतर राखाडी, तिसरा रंग क्वचितच. पण झाकणावर लावायचे स्टिकर दोन-तीनशे रुपयांत कुठल्याही रंगाचे मिळतात, तिला हवा तो लावू द्या. फक्त खालच्या बाजूला लावू देऊ नका. तिथल्या जाळीतून पंखा हवा ओढतो, आणि एका मुलीने ती जाळी फुलपाखरांनी पूर्ण बंद करून आणली होती. तो लॅपटॉप मी अर्ध्या तासात बरा केला, पण स्टिकर काढताना तिचा चेहरा बघवत नव्हता.